बी.ए. करता करता भाषेच्या कामात पाय कसा रोवायचा

बी.ए.ला प्रवेश घेतला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मग आता एमपीएससी?' तो रस्ता आहेच. पण मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र असे विषय घेतलेल्यांना पदवी हातात पडायच्या आत पैसे मिळवून देणारी कामंही आहेत: भाषांतर, मुद्रितशोधन (छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणं), सबटायटल. कला शाखेचे तास बऱ्याच महाविद्यालयांत दुपारपर्यंत आटोपतात, प्रयोगशाळा नसते. दिवसाचे दोन तास नेमाने काढले तर तिसऱ्या वर्षापर्यंत दाखवण्याजोगं काम जमतं.

आधी हात बसवा

पहिल्या सत्रात एकच गोष्ट करा: दहा बोटांनी युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणारी मराठी, टाइप करायला शिका. फोनवर उच्चारानुसार टाइप करायची सवय चॅटपुरती ठीक आहे. हजार शब्दांच्या कामात तिची दमछाक होते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये फुकट मिळतो. त्यात डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं आहेत, त्यामुळे रोज अर्धा तास दिला तर दोनेक महिन्यांत हात बसतो. टंकलेखनाच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी टाइपरायटरच्या धर्तीचा जुना कीबोर्ड शिकवतात. राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा द्यायची असेल तर तो शिका, कारण लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. दोन्ही कीबोर्ड एकाच वेळी शिकायला घेऊ नका; बोटं गोंधळतात.

अभ्यासक्रमातच जागा शोधा

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता मुख्य विषयासोबत मायनर (दुय्यम विषय), कौशल्याधारित विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, असे क्रेडिट (श्रेयांक) मिळवावे लागतात. मायनर निवडताना 'सोपा कोणता' हा निकष सोडा. मराठी मुख्य असेल तर इंग्रजी किंवा हिंदी मायनर घ्या. इतिहास, अर्थशास्त्र मुख्य असेल तर भाषा मायनर घ्या. विषयाची जाण असलेल्या भाषांतरकाराला नुसत्या भाषा येणाऱ्यापेक्षा लवकर काम मिळतं.

ओजेटीचं गणित साधं आहे: अशा कामाच्या एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 4 क्रेडिटला 120 तास. ते कोणत्या सत्रात येतात हे तुमच्या विद्यापीठाच्या आराखड्यात बघा आणि त्याच्या एक सत्र आधी जागा शोधा. ऐनवेळी शोधणाऱ्याला ओळखीच्या झेरॉक्स सेंटरचा शिक्का तेवढा मिळतो, शिकायला काही मिळत नाही. प्रकाशकाकडे, स्थानिक दैनिकाच्या आवृत्तीत, सामाजिक संस्थेच्या अहवाल विभागात, वकिलाच्या किंवा नोटरीच्या कार्यालयात जागा मागा. मागताना विभागप्रमुखांचं पत्र न्या आणि आपण काय करून देऊ तेही लिहून न्या: 'आठवड्याला 10 तास, 12 आठवडे, मराठी मजकूर तपासणं आणि इंग्रजीतून मराठी करणं.' नुसतं 'काहीही काम चालेल' म्हणणाऱ्याला फायली लावायला बसवतात.

भाषांतर: चूक कुठे होते

'31 मार्चआधी अर्ज करावा' अशा अर्थाचं एखादं सरकारी इंग्रजी वाक्य यंत्राकडून मराठीत काढलं तर साधारण असं येतं: 'अर्जदाराद्वारे 31 मार्चच्या आधी अर्ज सादर केला जाणे आवश्यक आहे.' व्याकरणाला धक्का नाही, पण असं मराठीत कोणी लिहीत नाही. 'द्वारे' काढा, कर्मणी मोडा: 'अर्जदाराने 31 मार्चपूर्वी अर्ज द्यावा.' आता खरी मेख. '31 मार्चपूर्वी' म्हणजे शेवटचा दिवस 30. '31 मार्चपर्यंत' म्हणजे 31 धरून. मूळ मजकुरात नेमकं काय आहे ते बघायचं, संदिग्ध असेल तर ग्राहकाला विचारायचं. आपल्या अंदाजाने ठरवायचं नाही. वाक्य कितीही सफाईदार असलं तरी तारीख चुकली तर काम गेलं.

यंत्राच्या मराठीत आणखी तीन ठिकाणी हटकून घोळ होतो. एकाच मजकुरात 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' मिसळतात. दूर गेलेल्या नामाचं लिंग क्रियापदापर्यंत टिकत नाही. आणि 'च्या'ची माळ लागते: 'विभागाच्या योजनेच्या लाभार्थ्यांच्या यादीच्या'. अशी माळ दिसली की वाक्य दोन करा.

हल्ली एजन्स्या कोऱ्या भाषांतराऐवजी यंत्राचा मजकूर दुरुस्तीला देतात आणि दर कमी लावतात. होकार देण्याआधी पहिले 200 शब्द दुरुस्त करून बघा. निम्म्याहून जास्त वाक्यं नव्याने लिहावी लागत असतील तर ते भाषांतरच आहे. पूर्ण दर मागा.

सरकारी संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे कोश वापरा, नावांसाठी आणि संकल्पनांसाठी मराठी विश्वकोश. दोन्ही जालावर आहेत. आणि प्रत्येक ग्राहकासाठी एक पानाचं शैलीपत्रक ठेवा: 'वर्षे' की 'वर्षं', 5 की ५, 'डॉ.' की 'डॉक्टर', संस्थेचं नाव कसं. दुसऱ्या कामाला हेच पान निम्मा वेळ वाचवतं. ओमेगा-टी हे फुकट सॉफ्टवेअर आधी केलेली वाक्यं लक्षात ठेवतं. अहवालासारख्या पुनरुक्ती असलेल्या कामाला ते चांगलं, ललित लेखाला फारसं उपयोगाचं नाही.

मुद्रितशोधन

शिरकाव करायचा तर दिवाळी अंकांचा हंगाम गाठावा. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली ही प्रथा अजून टिकून आहे, आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत संपादकांना तपासणारे डोळे कमी पडतात. तेव्हा नाही, जूनमध्येच संपर्क करा.

तयारीसाठी आधी नियम पक्के करा. शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू. समासात पूर्वपद म्हणून आले की ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. 'आणि' अपवाद. 'फूल' पण 'फुलाला', 'मूल' पण 'मुलाला'. एवढ्यावर रोजच्या चुकांपैकी बऱ्याच पकडता येतात. राहिलेल्या चुका सॉफ्टवेअरला दिसत नाहीत, कारण शब्द बरोबरच असतो: 'दिन' आणि 'दीन', किंवा 'दऱ्या' आणि 'दर्या'. ही दुसरी जोडी खास धोक्याची. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना 'ऱ्य'चा 'र्य' होऊ शकतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो. फाँट बदललेली फाइल आली की 'र्य' आणि 'र्ह' शोधून एकेक ठिकाण डोळ्यांखालून घाला.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली, वेलांट्या सरकल्या तर चूक मजकुरात नसते; परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, लावलेला नसतो. हे मांडणी करणाऱ्याला सांगता आलं की तुमचा भाव वाढतो. वाचन दोनदा करा, एकदा मूळ संहितेशी ताडून आणि एकदा नुसतं. शीर्षकं, फोटोओळी, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे शेवटी वेगळे तपासा. मोठ्या टाइपातली चूक नजरेतून सहज सुटते आणि छापून आल्यावर सगळ्यांना दिसते.

सबटायटल

सबटायटल एडिट हे साधन फुकट आहे. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण 42 अक्षरं, आणि 7 सेकंदांच्या वर एकही सबटायटल थांबवायचं नाही. माणूस बोलतो तेवढं सगळं बसत नाही. संबोधनं, पुनरुक्ती, 'म्हणजे', 'ना' आधी उडवा. एसआरटी, म्हणजे सबटायटलची फाइल, यूटीएफ-8 या युनिकोडच्या प्रकारातच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. विद्यार्थ्यांचे लघुपट हे सरावाला उत्तम, श्रेयनामावलीत नाव मात्र मागून घ्या.

नमुने आणि दर

प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा तीन नमुने जास्त बोलतात: माहितीपर मजकुराचं 500 शब्दांचं भाषांतर, ललित मजकुराचं तेवढंच, आणि तपासणीच्या खुणांसह एक पान. परक्याचा चालू मजकूर विनापरवानगी भाषांतर करून जालावर टाकू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. त्यापलीकडचं लेखन मोकळं. ग्राहकाचं गोपनीय काम नमुना म्हणून दाखवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी लोक दाखवतात.

दर शब्दाचा असला तरी हिशेब तासाचा करा. नवख्याला 1000 शब्दांना भाषांतराचे 4 आणि फेरवाचनाचा 1 असे 5 तास धरा. शब्दाला 1 रुपया मिळाला तर तासाला 200 पडले. 40 पैसे मिळाले तर 80. मग ठरवा. 'चाचणी' म्हणून 250-300 शब्द फुकट करणं रास्त आहे, 3000 शब्दांची चाचणी म्हणजे फुकटात काम काढून घेणं.

काम घेताना ईमेलवर चार गोष्टी लेखी घ्या: शब्दसंख्या मूळ मजकुराची की भाषांतराची, तारीख, किती फेऱ्या दुरुस्ती, पैसे किती दिवसांत. शब्दसंख्येवरून भांडणं फार होतात. इंग्रजीतून मराठी करताना विभक्ती शब्दाला चिकटते आणि शब्द घटतात, म्हणून मूळ मजकुराची संख्या धरा. बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, पॅन आणि बँकखातं हवं. पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर पैसे अडकतात. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापला असेल आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ती रक्कम परत मिळते. बरेच विद्यार्थी विवरणपत्र भरत नाहीत आणि पैसे तसेच राहतात.

दिवाळी अंकांची गर्दी आणि सत्र परीक्षा एकमेकींना खेटून येतात. म्हणून परीक्षेआधीचे तीन आठवडे नवं काम घेऊ नका, आणि तसं ग्राहकाला महिनाभर आधीच कळवा. एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहून पुढे गेलात, की ती पुढच्या सत्राचे तास खाते, आणि त्याच सत्रात तुमचं ओजेटी असू शकतं.