पावसाची वाट पाहताना लेकरासारखा विश्वास कसा ठेवावा

मृगात दोन चांगले पाऊस होतात, माणूस सोयाबीन पेरून मोकळा होतो आणि मग आभाळ कोरडे पडते. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला हे दिवस ओळखीचे आहेत; दवाखान्यातील तपासणीच्या किंवा मुलाच्या नोकरीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या घरातही ते असेच जातात. अशा वेळी देवावर विश्वास ठेवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यासाठी नेमके काय करायचे हे सहसा कोणी सांगत नाही.

सुरुवात आपण घाबरलो आहोत हे मान्य करण्यापासून करावी. लेकरू भेदरते, रडते आणि रडत रडत आईकडेच धावते; मोठी माणसे मात्र चारचौघांत धरलेला शांत चेहरा देवघरासमोरही उतरवत नाहीत. म्हणून संध्याकाळी दिवा लावल्यावर देवापुढे बसून, जे आहे ते आपल्या रोजच्या बोलीत, शक्यतो तोंडाने उच्चारून सांगावे: बियाणे उधारीचे आहे, दुबार पेरणीला पैसा नाही, लेकीच्या फीची तारीख जवळ आली आहे. ‘सर्वांचे भले होवो’ ही प्रार्थना चांगलीच आहे, पण गळ्याशी आलेल्या माणसासाठी ती फार सभ्य आहे. राग आला असेल तर तोही बोलून दाखवावा. गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाशी भांडल्या, त्याला बोल लावले, आणि वारकरी परंपरेने ते भांडण भक्तीतच जमा धरले.

यानंतरची पायरी अवघड आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या नामदेवांच्या लहानपणीची नैवेद्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. वडील घरी नसताना आईने नैवेद्य हाती दिला आणि देव जेवत नाही म्हणून तो मुलगा हट्टाला पेटला. शेवटी देव जेवला, याकडेच ऐकणाऱ्याचे लक्ष जाते. मला मात्र असे वाटते की हट्ट धरण्याआधी त्या मुलाने नैवेद्य देवळापर्यंत नेऊन देवापुढे ठेवला होता, म्हणजे सोपवलेले काम पुरे केले होते, हे आपण विसरतो. आपल्या वाट्याचा नैवेद्य कोणता, हे आधी ठरवावे. पुरेसा, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून त्यांतील किमान ७० उगवतात का ते पाहावे, बँकेच्या नोटिशीला उत्तर द्यावे, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नये. एवढे झाल्यावर जे उरते ते, म्हणजे ढग, निकाल आणि दुसऱ्याचे मन, हे देवाकडे सोपवावे आणि त्या रात्री पुन्हा मोजायला घेऊ नये. ते विचार परत येतीलच. आले की तेवढेच एक वाक्य पुन्हा देवाला सांगावे आणि कूस बदलावी.

मागायचे काय, याचाही विचार करावा. विठ्ठल जनाबाईंसोबत दळायला बसला असे परंपरा सांगते. जाते थांबले किंवा दळण आपोआप झाले असे ती सांगत नाही. म्हणून पाऊस अवश्य मागावा, पण त्याबरोबर उद्याचा दिवस निभावण्यापुरते बळ आणि सोबतही मागावी. सोबत बहुधा माणसांच्या रूपाने येते. गावात हरिपाठ होत असेल तर तिथे जाऊन बसावे, आवाज फुटत नसेल तर नुसते ऐकावे.

नवस बोलावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु कर्ज काढून नवस फेडू नये, आणि भीतीचा बाजार मांडणाऱ्या बुवापासून दूर राहावे. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आईवर विश्वास असलेले लेकरू कोणाही अनोळखी माणसाचे बोट धरत नाही.

इतके करूनही झोप लागेनाशी झाली, जेवण जाईनासे झाले किंवा जगणे नको वाटू लागले, तर ते घरातल्या एकाला त्याच दिवशी सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. तिथे फोन केल्याने देवावरचा विश्वास कमी पडला असे होत नाही.