पल्सर २२० ला टर्बो लावायचाय? मग टर्बो सगळ्यात शेवटी घ्या

टर्बो, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंखा, लावायचं डोक्यात आलं की आधी लोक स्क्रॅपमध्ये जाऊन डिझेल कारचा टर्बो उचलून आणतात, मीपण तेच केलेलं, आणि पैसे तिथंच अडकले. कारण टर्बो लावणं हे काम मुळात हवा, ऑइल आणि पेट्रोलचं आहे, टर्बो त्यातला एक पार्ट फक्त.

आणि रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका प्लीज. आरसीवर जे इंजिन आहे त्यात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे, वर इन्शुरन्स क्लेम अडकणार तो वेगळाच. ट्रॅकसाठी एक जुनी पल्सर ठेवा, तिच्यावर करा.

आता हिशोब. २२० सीसी, ८००० आरपीएम, फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा आत, म्हणजे मिनिटाला ४००० वेळा ०.२२ लिटर, ८८० लिटर झाले, सिलेंडर पूर्ण भरत नाही म्हणून ७५० धरा. ०.४ बार बूस्ट (टर्बोनं दिलेला जास्तीचा दाब) दिला तर साधारण १०५० लिटर. आता १.३ लिटर डिझेल कारवरच्या केपी३५ टर्बोचं उदाहरण घ्या, ते इंजिन ४००० आरपीएमला बिनबूस्टचीच अडीच हजार लिटर हवा ओढतं, बूस्टवर त्याच्या जवळपास दुप्पट. तुमच्या पल्सरच्या धुरानं तो नीट फिरणारच नाही. जपानच्या ६६० सीसीच्या छोट्या कारवर येणारा आयएचआयचा आरएचबी३१ त्यातल्या त्यात जवळचा, पण तोही मोठाच पडतो, त्यामुळे बूस्ट वरच्या आरपीएमलाच येणार हे मनात धरून चाला. वेस्टगेटची (जास्तीचा धूर टर्बोला टाळून सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ०.३ ते ०.४ बारची, त्याच्या वर नको.

सिंगल सिलेंडरची अजून एक भानगड आहे. एक्झॉस्ट उघडून टर्बोला धक्का बसतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे टर्बो हवा दाबतोय पण घ्यायला कोणी नाही. म्हणून टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये हवेची टाकी लागते. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी सिंगल सिलेंडर डिझेल इंजिनावर हीच आयडिया वापरून टर्बो चालवलाय. मी २ लिटरचा ॲल्युमिनियमचा डबा टिग वेल्डिंग करून घेतला आणि वर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर तुंबलेला दाब बाहेर सोडणारी झडप) दिला.

कॉम्प्रेशन रेशो ९.५ आहे, बूस्टवर इंजिन नॉक होऊ नये (पेट्रोल आपोआप पेटू नये) म्हणून तो ८.५ च्या आसपास आणायचा. पिस्टन वर असताना हेडखाली उरणारी जागा २६ सीसीवरून सव्वाएकोणतीस करायची, म्हणजे ६७ मिलीमीटरच्या बोरला (सिलेंडरच्या व्यासाला) ब्लॉकखाली १ मिलीमीटरची प्लेट. उद्यमनगरात लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची करून घेतली, दोन्ही बाजूंना पॅकिंग. यात कॅम टायमिंग थोडं मागं जातं, टेन्शनर चेन घट्ट धरतोय ना ते बघून घ्या.

आता ऑइल, इथंच सगळ्यात जास्त प्रोजेक्ट मरतात. सप्लाय ऑइल कूलरच्या लाइनमधून घ्या आणि गेज लावून प्रेशर स्वतः बघा, कारण क्रँकला बॉल बेअरिंग असलेल्या इंजिनात ऑइलचं प्रेशर फार नसतं आणि टर्बोच्या बुशला ते लागतं. पण खरा घोळ रिटर्नचा. टर्बोतून ऑइल फेसाळून बाहेर येतं आणि ते फक्त उतारानं खाली जातं, त्याला कुणी ढकलत नाही. माझा पहिला रिटर्न पाइप फूटरेस्टजवळ दोन इंच आडवा गेलेला, गाडी चालू केली आणि दहा मिनिटांत सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर, मेकॅनिक म्हणाला टर्बोचं सील गेलं, नवा घ्या. खोलून बघितलं तर सील ठणठणीत, शाफ्टला प्लेसुद्धा नाही, फक्त रिटर्नला तुंबलेलं ऑइल सीलमधून बाहेर पडत होतं. टर्बो वर उचलून १२ मिलीमीटरचा पाइप सरळ क्लच कव्हरमध्ये ऑइल लेव्हलच्या वर सोडला, धूर त्याच दिवशी बंद. टर्बो खालीच ठेवायचा असेल तर ऑइल ओढायला वेगळा पंप लावा, दुसरा मार्ग नाही.

पेट्रोल. कार्बोरेटर काढा. बूस्टवर टाकीतून उतरणारं पेट्रोल हवेच्या दाबापुढं जातच नाही. ३ बारचा पंप, मिनिटाला २२० ते २५० सीसी सोडणारा इंजेक्टर, मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), वाइडबँड (धुरावरून मिश्रण मोजणारा सेन्सर) आणि स्पीडुइनोसारखा ईसीयू (हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर), एवढं लागतंच. आता पेट्रोल ई२० आहे त्यामुळे एएफआरचे (हवा-पेट्रोल प्रमाणाचे) जुने आकडे धरू नका, लॅम्डात (लागते त्याच्या किती पट हवा आहे त्यात) ट्यून करा, बूस्टवर ०.८० ते ०.८२. इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) सुरुवातीला ५-६ डिग्री मागं ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून सेल्फ मारा, रिटर्नमधून ऑइल येताना डोळ्यांनी दिसलं की मगच प्लग बसवा. एरवी बंद करताना मिनिटभर आयडलला ठेवा, फक्त प्लग तपासायला बूस्टवर एक छोटी ओढ मारून लगेच इंजिन बंद करून प्लग काढा, पांढऱ्या पोर्सलिनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर इंजिन नॉक होतंय, चंदेरी म्हणजे तर पिस्टनचं ॲल्युमिनियम, इग्निशन टायमिंग अजून २ डिग्री मागं घेतल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.