मुंबईच्या उकाड्यात या चुका टाळा

मुंबईत पारा बहुतेक दिवस ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे ‘आपल्याकडे कुठं विदर्भासारखं ऊन असतं’ म्हणून अनेकजण निर्धास्त राहतात. पण इथला खरा त्रास दमटपणाचा आहे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. मुंबईत घाम वाळत नाही, नुसता ओघळत राहतो. ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली की शरीराला ते ४१-४२ अंशांसारखं जाणवतं. कोरड्या हवेतले उपाय इथं आणले की फसगत होते, आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

कूलर घेणं

नागपूरच्या नातेवाइकांकडे कूलरनं खोली गारेगार होते, म्हणून मुंबईतही तो घेतला जातो. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. इथली हवा आधीच ओलसर असते, तिच्यात आणखी फारशी वाफ मावत नाही. खिडक्या लावून कूलर चालवला तर तासाभरात चादर दमट लागते, पेपरची पानं मऊ पडतात आणि जीव आणखी गुदमरतो. खिडकीला ओली चादर लावणं किंवा खोलीतच कपडे वाळत घालणं, हीसुद्धा तीच चूक. कूलर घरात आलाच असेल तर पाणी न भरता पंख्यासारखा वापरा आणि खिडकी उघडी ठेवा. एसी असेल तर २५-२६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. उकाड्यापेक्षा चिकचिक जास्त असेल तेव्हा एसीचा ‘ड्राय’ मोड, म्हणजे हवेतली ओल काढणारा, लावून बघा.

दिवसभर सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवणं

सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, वारा येतो. तो तापत जातो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा आला की पारा थांबतो. ज्या दिवशी खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो, त्या दिवशी मुंबई भाजून निघते. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, तीही मे नव्हे, मार्चमध्ये. म्हणून ‘अजून उन्हाळा कुठं सुरू झालाय’ असं म्हणू नका. सकाळी पूर्वेच्या खिडक्यांवर पडदा ओढा, शक्य असेल तर काचेच्या बाहेरून चटई किंवा ताडपत्री लावा. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडक्या उघडा. पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर राहत असाल तर छताला पांढरा रंग किंवा चुना लावून घ्या. एवढ्यानंही फरक पडतो.

बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी न पिणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती बायका नाइलाजानं करतात. कल्याण-विरारहून लोकलनं येणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, फुटपाथवर भाजी विकणाऱ्या कितीतरी जणी सकाळपासून घोटभर पाण्यावर दुपार काढतात. लघवी गडद पिवळी होणं, डोकं ठणकणं, पोटऱ्यांत गोळे येणं हे शरीरानं दिलेले इशारे आहेत. लघवी तुंबवून ठेवली तर जंतुसंसर्गाचाही धोका वाढतो. निघायच्या तासभर आधी दोन पेले पाणी प्या, निघताना बाथरूमला जाऊन या आणि कामावर पोहोचताच पुन्हा प्या. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना पाणी आणि बाथरूम दोन्ही आपणहून विचारा. याला पैसे पडत नाहीत.

खूप घाम येत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत उत्तम. ओआरएसचं लिटरभर पाण्याचं पाकीट पेलाभर पाण्यात घोळू नका, ते फार खारं होऊन अपाय करतं. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा. मूत्रपिंड, हृदय, रक्तदाब किंवा मधुमेहाचे रुग्ण असाल तर पाणी-मीठ-साखरेचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

चक्कर आली की ‘पित्त झालं असेल’ म्हणणं

खिशात कांदा ठेवून ऊन बाधायचं थांबत नाही. एप्रिल २०२३ मध्ये शेजारच्या खारघरला उघड्यावरच्या सोहळ्यात १४ जणांचा उष्माघातानं जीव गेला. १२ ते ३ उन्हात थांबणं टाळा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही.

अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा. अंगावर नळाचं पाणी ओतत जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नका.