वाई-मेणवली-धोम, सायकलवरून निवांत

वाईच्या ढोल्या गणपतीपासून उजाडतानाच निघा. मेणवली जेमतेम 3 किलोमीटर. पण तिथं तासभर ठेवाच. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेचा घाट आहे. तिथल्या छोट्या देवळात टांगलेली घंटा मुळात पोर्तुगीज चर्चची, वसईच्या मोहिमेनंतर इकडं आलेली. जवळ जाऊन बघा, तिच्यावर 1707 साल कोरलंय. पायऱ्या ओल्या असतात, सायकलीचे क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा असलेले) बूट हमखास घसरतात; साध्या चपला पिशवीत टाका. पुढं धोमला कासवाच्या पाठीवरचा नंदी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना खुशाल वाट द्या, घाई कुणाला आहे? आणि जादा ट्यूब, छोटा पंप वाईतूनच घेऊन निघा.