रिकर्व्ह धनुष्याच्या पात्याला आलेला पीळ असा काढला

आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून गल्लीतली पोरं माझ्या लाकडी धनुष्याकडे पण जरा आदराने बघायला लागलीत, तिचं कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य, आणि माझं घरी बनवलेलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, काही संबंध नाही पण चालतंय.

तर झालं असं की पावसाळ्यात घरच्यांनी आवराआवरीत धनुष्य कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलं. महिनाभर भार खालच्या पात्यावर (पातं म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग), त्यात आपल्याकडची दमट हवा. दोरी चढवली तर ती टोकाजवळ मधोमध बसेना, खाचेतून एका बाजूला सरकायची. अशा वेळी अजिबात ओढायचं नाही, दोरी सुटली तर पातं मोडतं आणि तोंडावर पण बसतं.

मित्र म्हणाला कानस मार एका बाजूला. मला पटलं नाही, कारण आधी सरळ असलेलं पातं वाकलंय म्हणजे लाकूड जास्त नाहीये, आणि एकदा घासलेलं परत येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, लाकडाचा मात्र उष्णतेने जातो. दोरी उतरवली, हेअर ड्रायरने पातं दोन्ही बाजूंनी सावकाश गरम केलं, हाताला सोसेल एवढंच, नाहीतर आतले थर चिकटवणारं इपॉक्सी मऊ पडतं. मग उलट्या दिशेने सरळच्या थोडं पुढे पिळून पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवलं. परत परत केल्यावर दोरी मधे आली.

आता धनुष्य दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं असतं.