आधी पाणी बघा, मग पक्षी

हिवाळ्यात पाहुणे येतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, "पक्षी कुठं दिसतील?" मी उलट विचारते, "आवर्तन सुटलंय का बघितलंत?" बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरल्या वेळी कालव्याला सोडलेलं पाणी. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याला, म्हणजे मागं साठलेल्या पाण्याला, लागून आहे. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथं इंग्रजांच्या काळात हा बंधारा बांधला, खालच्या भागाला कालव्यानं पाणी द्यायला. शंभर वर्षांत मागं गाळ साचला, बेटं झाली, पाणी उथळ होऊन पसरलं, आणि शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पक्षी उतरू लागले. 1986 मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली जागा. रामसरमध्ये धरलेलं क्षेत्र 1,437 हेक्टर आहे. एवढ्या पसाऱ्यात नुसतं "पक्षी बघायला" गेलात तर दिवसभर लांबचे काळे ठिपके बघून परत याल.

पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा

या जागेची पातळी स्थिर नसते. वरून दारणा आणि गंगापूर धरणांतून पाणी सोडलं की फुगवटा भरतो. बंधाऱ्यातून कालव्यांना आवर्तन सुटलं की उतरतो. शेतकरी माणूस आवर्तनाच्या तारखा कान देऊन ऐकतोच, पक्षी बघणाऱ्यानंही ऐकाव्यात. पेपरात येतात, आणि काठावर कुणालाही विचारलं तर सांगतात.

कारण सरळ आहे. प्रत्येक पक्ष्याचे पाय आणि मान ठरावीक मापाची आहेत. छोटा टिलवा चिमणीएवढा, त्याला ओल्या चिखलावर पाण्याचा नुसता पापुद्रा लागतो. शेकाट्याचे पाय लांब, तो थोडा आत उतरतो. चमचा हा पक्षी चोच बुडवून डावी-उजवीकडे फिरवत चालतो, त्यामुळे त्याला तळ पायाखाली हवा. चक्रांग, थापट्या, तलवार बदक ही बुडी मारत नाहीत, डोकं खाली आणि शेपटी वर करून तळातलं खातात. त्यांना वीतभर ते हातभर पाणी ठीक, त्याहून खोल गेलं तर तोंडच पुरत नाही. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं मात्र खोल पाण्यातच रमतात.

आमच्या मोटारीच्या पाइपाला मी वीत-वीत अंतरावर पिवळे पट्टे मारून ठेवलेत. सकाळी पहिलं काम पट्टे मोजायचं. तीन दिवसांत दोन पट्टे उघडे पडले की समजायचं, आता काठाचा चिखल उघडणार आणि बारके किनारपक्षी येणार. पट्टे बुडाले की ते सगळे पांगतात आणि बदकं मोकळ्या पाण्यात सरकतात. हे मला शिकवलं ते काठावर जाळं विणत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमार बाबांनी. मी नवी होते, रोज त्याच जागी जाऊन उभी राहायचे. एक दिवस ते म्हणाले, "ताई, पाणी वीतभर उतरलंय. उद्या पलीकडच्या चिखलावर जा, बारकी पाखरं येतील." दुसऱ्या दिवशी गेले, तर टिलव्यांचा अख्खा थवा चिखल टोचत होता, मध्ये चार मालगुजे लांब चोचा मुळापर्यंत खुपसून उभे.

तुमच्या गावाच्या तळ्यावरही हे करता येतं. एखादा दगड, वाळलेलं बाभळीचं खोड, पायरी, काहीही खूण धरा आणि रोज लिहा.

सकाळी काय करायचं

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी बोचते आणि नदीवर धुकं असतं. तरी उजाडायच्या आधी पोचा. नाशिकहून अंतर सुमारे 40 किलोमीटर, म्हणजे पहाटे लवकर निघावं लागतं. धुक्यात काही दिसत नाही म्हणून गाडीत बसून राहू नका. तेव्हा कान लावा. तरंग बदकाची बारीक शीळ, वारकरी पक्ष्यांची खटखट, चक्रवाकाची लांबून येणारी "आंग-आंग" हाक. धुकं उचलायच्या आत तुम्हाला कळलेलं असतं की कोण कुठल्या बाजूला आहे.

चापडगावकडे निरीक्षण मनोरे आहेत. चढायची घाई नको. सूर्य पाठीशी राहील अशी जागा आधी निवडा. सूर्य समोर असेल तर हिरवं डोकं आणि काळं डोकं यातला फरक कुठल्याही दुर्बिणीला दाखवता येत नाही. दुर्बीण 8x42 पुरते: आठ पट मोठं दिसतं आणि समोरची भिंगं 42 मिलिमीटरची, त्यामुळे पहाटेच्या मंद उजेडातही चित्र उजळ राहतं. जास्त पटीची घेतली तर हात थरथरतो आणि थवा भिंगातून निसटतो. कपडे मातकट रंगाचे. स्थानिक मार्गदर्शक मिळतात, पहिल्या खेपेला जरूर घ्या, त्यांची नजर आमच्यापेक्षा पुढची आहे.

ओळखायला रंगापासून सुरुवात करू नका. आधी तो पक्षी काय करतोय ते बघा: शेपटी वर करतोय, बुडी मारतोय, चालतोय की नुसता झोपलाय. मग चोच. मग रंग. पहिल्या दिवशी पाचच नावं पक्की करा. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा तो वारकरी. काळ्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळं ते हळदीकुंकू बदक, हे आपल्याकडे बारा महिने असतं. भगव्या अंगाचा, बहुतेकदा जोडीनं दिसणारा चक्रवाक. टोकदार शेपटी आणि बारीक लांब मानेचं तलवार बदक. आणि थापट्या.

थापट्याजवळ थोडं थांबा. त्याची चोच पुढं रुंद होत जाते, उलथन्यासारखी, आणि कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचं, दात्यांतून गाळायचं, बारीक जीव आत ठेवायचे. एकट्यानं करतो तेव्हा साधं वाटतं. पण मागच्या जानेवारीत आमच्या बांधासमोर तीसेक थापटे गोल फिरायला लागले, एकाच्या शेपटीमागं दुसऱ्याची चोच. त्यांच्या पायांनी तळ ढवळला जात होता आणि पुढच्यानं उडवलेलं मागचा गाळून घेत होता. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. दर वर्षी वारीला जाणाऱ्या त्या, एकदम हात जोडून म्हणाल्या, "अगं, हे तर रिंगण!" त्यानंतर मला दुसरा शब्द सुचलेला नाही.

किती जवळ जायचं, हे पक्षीच सांगतात. खाणं थांबवून माना वर झाल्या की तुम्ही एक पाऊल जास्त टाकलंय. थवा पोहत लांब सरकू लागला की मागं या. हजारो किलोमीटर उडून आलेलं पाखरू इथं अंगावर चरबी चढवायला आलेलं असतं. प्रत्येक उठवणुकीला त्यातली थोडी खर्च होते. थवा उडताना बघायचा असेल तर वाट बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून तरंगत आला की सगळं पाणी आपोआप उठतं.

मोजणी

थव्यातले पक्षी एक-एक करून मोजता येत नाहीत. दहा नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढा तुकडा थव्यावर पुढं सरकवत न्यायचा. याचा सराव घरी होतो. मी ताटात मुठीनं मूग टाकते, तीन सेकंद बघते, आकडा लिहिते, मग खरे मोजते. सुरुवातीला माझा आकडा नेहमी कमी यायचा, दोनशेला सव्वाशे म्हणायचे. महिनाभरात फरक आटोक्यात आला. आता माझी मुलगी माझ्यापेक्षा अचूक सांगते.

तारीख, वेळ, पाण्याची खूण, आणि त्यासोबत पक्षी असं लिहा. नुसते आकडे लिहिलेत तर दोन वर्षांनी "यंदा बदकं कमी" एवढंच कळेल. पाणी लिहिलेलं असेल तर कमी का, हेही समजेल. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे, तिच्यात भाग घ्या.

जागेची निगा

अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय गवताची काडीही उपटायची नाही. त्यांच्या श्रमदानात सामील व्हा. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीशी बोलून काम करा. आता जे सांगते ते दोन्हीकडे लागू आहे.

जलपर्णी हा मोठा शत्रू. वरून येणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते, पाणी झाकते, खालचा उजेड आणि प्राणवायू तोडते. बदकांना उतरायला मोकळं पाणीच उरत नाही. उबदार दिवसांत दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते, थंडीत मंदावते. पावसाळ्यातल्या पुरात बरीचशी वाहून जाते आणि खाचखळग्यांत थोडी अडकते. ऑक्टोबरात खाटेएवढा तुकडा दिसला की तेव्हाच काढा. चौघांचं तासाभराचं काम असतं. तोच तुकडा मार्चपर्यंत ठेवला तर यंत्र आणावं लागतं.

काढायची कशी? काठाकडून आत, हातानं किंवा दाताळ्यानं, मुळासकट. रोप उचललंत की खाली जांभळट काळ्या मुळांचा झुपका लोंबतो, ओल्या केसांसारखा. त्यात माशांची पिल्लं, बारक्या कोळंब्या, गोगलगायी अडकलेल्या असतात. म्हणून प्रत्येक झुपका पाण्यातच दोन-तीनदा झटकायचा आणि मगच बाहेर टाकायचा. आमच्या श्रमदानात नव्या मुलांना मी पहिला अर्धा तास फक्त हेच करायला लावते. ढीग पुराच्या रेषेच्या वर नेऊन वाळवा. पुढं ढकलून देऊ नका, ती फक्त खालच्या गावाची होते.

पाणकणसाचं वेगळं आहे, आणि तिथं आमच्याच गटाच्या हातून चूक झाली. एका डिसेंबरात उत्साहानं आम्ही गावतळ्याचा काठ साफ केला, पाणकणीस आणि लव्हाळा सगळा कापला. तळं स्वच्छ दिसलं, फोटो काढले. आठवड्यात जांभळ्या पाणकोंबड्या गेल्या, त्या वर्षी परत आल्या नाहीत. लपायला जागा, रात्री बसायला जागा, घरटं करायला जागा, सगळं त्या कणसांत होतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. आता आम्ही तिसरा हिस्साच कापतो, पुढच्या वर्षी दुसरा, तोही हिवाळा सरल्यावर. देठ पाण्याच्या पातळीखाली कापले तर बुडून कुजतात आणि तिथं मोकळं पाणी राहतं. वर कापले तर जोमानं फुटतात. कापणी सरळ रेषेत करू नका. मोकळं पाणी आणि कणसं यांची नागमोडी कड जितकी लांब, तितके पक्षी जास्त, कारण बहुतेकांना खायला उघड्यावर यायचं असतं आणि पळायला आडोसा जवळ हवा असतो.

बेशरम नावाची वनस्पती कापू नका, उपटा. तिचा तुकडा चिखलात पडला की मूळ धरतो. वेडी बाभूळ चिखलाच्या पट्ट्यावर शिरत असेल तर रोप लहान असतानाच काढा. आपली गावठी बाभूळ मात्र राहू द्या, पाण्यातल्या बाभळींवर बगळे, पाणकावळे, शराटी बसतात.

शेजारच्या शेतकऱ्यांना माझी एवढीच विनंती: बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या फवारणीची) टाकी किंवा फवारणीचा ब्लोअर नदीत धुऊ नका. मोरचुदातलं तांबं मासे आणि गोगलगायींना मारतं आणि पाखरांचं ताट रिकामं होतं. आम्ही बांधाच्या आत खड्डा केलाय, धुणं तिथंच. द्राक्षांवर पाखरांसाठी जाळी लावत असाल तर ताणून लावा. सैल जाळीत पाय अडकून पाखरू मरतं. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. एकापेक्षा जास्त दिसले तर त्याच दिवशी वन विभागाला कळवा.

फेब्रुवारी सरत आला की थवे रोज थोडे पातळ होतात. जलपर्णीचं मोठं काम तेव्हापासून पावसापर्यंत करता येतं, पाणी खाली असतं आणि बदकांना त्रास होत नाही. फक्त बेटांवर उतरू नका. मार्चपासून उघड्या वाळूवर नदी सुरय हे पक्षी अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची, घरटं म्हणजे नुसता एक खळगा. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. काम काठानं करा, आणि डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागली की तिथून मागं फिरा.