जुन्या गाडीच्या फिक्स काचेतून पाणी गळतंय? पावसाच्या आधीच बंद करून टाका

पहिल्या मोठ्या सरीनंतर जुन्या गाडीचं दार उघडलं की एक कुबट वास येतो, ओल्या गोणपाटासारखा. तो आला की समजायचं, पाणी कालपासून नाही, गेल्या पावसाळ्यापासूनच आत येतंय आणि कार्पेटखाली साचून पत्रा खातंय. आमच्याकडे १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, आणि मुलुंडला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते म्हणजे चार महिने पाऊस थेट अंगावर. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा ठरवलं की आपली तरी टिकवायची, आणि ही गाडी टिकवायची तर पहिलं काम इंजिनाचं नाही, काचांचं.

मी इथे फक्त फिक्स काचांबद्दल लिहितोय, म्हणजे पुढची मोठी काच, मागची काच, आणि काही गाड्यांना मागे बाजूला असते ती न उघडणारी छोटी काच. आणि त्याही रबरात बसवलेल्या. नवीन गाड्यांना काच पॉलियुरेथेनने पत्र्याला चिकटवलेली असते, गॅरेजवाले त्याला पेस्टिंगची काच म्हणतात, ती घरी उचकायची नाही, कारण त्या गाड्यांत काच बॉडीच्या ताकदीचा भाग असते आणि एअरबॅग असेल तर फुगताना तिलाच टेकते. ते काम काचवाल्याकडेच द्या.

आधी रबर कसं काम करतं ते डोळ्यासमोर आणा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची कड. म्हणजे पाण्याला शिरायला वाटा दोन, काच आणि रबर यांच्यामधून किंवा रबर आणि पत्रा यांच्यामधून. नुसती काचेची बाजू भरून उपयोग नाही, दोन्ही बाजू बघायला लागतात. आमच्या गाडीला आधी एका गॅरेजमधून वरून सिलिकॉन फिरवून आणलं होतं, दिसायला छान, पण पहिल्याच आठवड्यात पाणी परत आत. रबराची पत्र्याकडची बाजू कोणी बघितलीच नव्हती.

काम मे महिन्यात उरका. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं हवामान खातं धरतं, पण वळवाच्या सरी आधीच येतात आणि ओल्या पत्र्यावर कुठलंच सीलंट धरत नाही. दोन कोरडे दिवस हाताशी ठेवा आणि काम सकाळी लवकर किंवा सावलीत करा, दुपारी पत्रा इतका तापतो की हात ठेवता येत नाही.

आता गळती शोधायची, आणि अर्धं काम हेच आहे. पाणी जिथे पडतं तिथून ते आत आलेलं नसतं. वरच्या कोपऱ्यात शिरतं, रबराच्या खाचेतून गोल फिरत खाली उतरतं आणि डॅशबोर्डमागून तुमच्या पायावर पडतं. सोसायटीत गाडीवर पाइप सोडायला कोणी देत नाही, आणि जोराच्या धारेने काही कळतही नाही, म्हणून एक लिटरची बाटली घ्या, झाकणाला दाभणाने चारपाच भोकं पाडा. काचेच्या चारी बाजूंनी रबरावर ब्राउन टेप लावून टाका, अर्धा काचेवर अर्धा पत्र्यावर असा. मग खालून सुरुवात करून वीतभर टेप काढायचा, तेवढ्याच जागी दोनतीन मिनिटं हळूहळू पाणी सोडायचं, आतला माणूस टॉर्च घेऊन बघतोय, काही नाही आलं की पुढची वीत. आतून रबराच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरवा, ओघळ आला की पावडरमध्ये रेघ उमटते.

माझी मुलगी आत बसली होती, डावीकडचं कार्पेट ओलं व्हायचं म्हणून टॉर्च खालीच धरून. खालची सगळी कड झाली, काही नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वीतभर आत पोचलो आणि ती ओरडली, "बाबा थांब, थांब, वरून येतंय!" पावडरमध्ये सुतासारखी रेघ, कोपऱ्यातून वळून खाली चाललेली. त्या जागी बाहेरून रबर बोटाने उचललं तर खाली काळी माती आणि जुन्या सिलिकॉनचं सुकलेलं साल. मार्कर पेनने टेपवर खूण करून ठेवा, नंतर लक्षात राहत नाही.

एक मात्र, काचेच्या सगळ्या कडा कोरड्या निघाल्या तर काचेच्या मागे लागू नका. वायपरच्या दांड्याखालचं रबर, काचेच्या पुढची हवेची जाळी, दाराच्या आतलं फाटलेलं प्लास्टिक, यातूनही पाणी तिथेच येतं.

आता रबर तपासा. नखाने दाबा, दबून परत वर आलं तर जीव आहे त्याच्यात. नख रुतत नसेल, चिरा असतील, किंवा आकसून जोडाच्या जागी फट पडली असेल तर सीलंट भरत बसू नका, रबर बदला. आणि रबराच्या कडेला रंगाला फोड आले असतील तर खाली गंज आहे, काच काढल्याशिवाय तो जात नाही.

रबर चांगलं असेल तर साफसफाई. यात घाई केली की सगळं फुकट. रबराची कड आइसक्रीमच्या लाकडी काडीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचलायची, स्क्रू ड्रायव्हर बिलकुल नाही, रंगावर चरा पडला की तिथूनच गंज धरतो आणि काचेच्या कडेला टवका उडाला की तडा आत पळतो. जुनं सिलिकॉन खरवडून काढा, कणही ठेवू नका, कारण त्याच्यावर नवीन काही चिकटत नाही. मग पाण्याने खाच धुवा, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत, आणि दिवसभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइनचा बोळा फिरवा. पेट्रोल आणि थिनर नको, रबर फुगतं आणि रंग सुटतो. शेवटी पांढरा टिश्यू आत फिरवून बघा, मळका निघाला तर परत.

सीलंट कुठलं? दुकानदार पटकन बाथरूमचं सिलिकॉन पुढे करतो. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन गाडीला अजिबात नको, त्यातून ॲसिड सुटतं, ते उघड्या पत्र्याला गंज लावतं, आणि पुढे कधी रंगकाम केलं तर त्या जागी रंग धरत नाही. रबरातल्या काचेसाठी कडक न होणारं काळं ब्यूटाइलचं सीलंट मागा, गाडीच्या काचेच्या रबरासाठी पाहिजे असं स्पष्ट सांगून. ते आत मऊ राहतं, गाडी खड्ड्यातून हलली तरी तुटत नाही, आणि उद्या काच काढायची वेळ आली तर निघतं.

रबराच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, एक पट्टी काचेवर, एक पत्र्यावर. नळीचं तोंड तिरकं कापा, भोक तीनचार मिलिमीटरचं. एका हाताने काडीने रबर उचलायचं, दुसऱ्या हाताने नळी खाली सरकवून सावकाश पुढे जायचं, काडी तुमच्या पुढे चालली पाहिजे. खूण केलेल्या जागेच्या दोन्हीकडे वीतभर जास्त भरा, आणि खरं सांगायचं तर एवढं केलंच आहे तर पूर्ण फेरी मारा, आधी काचेकडून, मग पत्र्याकडून. अंगठ्याने रबर दाबत गेलं की जादाचं बाहेर येतं, तेच पाहिजे, म्हणजे आत पोकळी राहिली नाही. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने वरच्यावर पुसा आणि टेप लगेच काढा.

रबर बदलायचं असेल तर सोबतीला एक माणूस घ्याच. जुन्या पद्मिनीचं रबर कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधलं तर मिळतं, पण दुकानातच वाकवून बघा, वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं देतात. काच काढताना आतून लाथ मारणारे बघितलेत मी, तसलं करू नका, बाहेरची कड ब्लेडने कापा, काच आपोआप सैल होते. पत्र्याची कड पॉलिश पेपरने घासून गंज काढा, रेड ऑक्साइड म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर मारा, रंग द्या आणि पूर्ण सुकू द्या.

नवीन रबर तासभर उन्हात ठेवा, मऊ होतं, मग काचेवर चढवा. पत्र्याकडच्या खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी, पाचसहा मिलिमीटर जाडीची, सगळीकडून बसवा, टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर जाऊ देऊन आत लोंबत ठेवा. खाचेला साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून तळहाताने काच सारखी दाबत राहायचं, दुसऱ्याने आतून दोरीचं टोक काचेच्या मधल्या दिशेने ओढायचं, दोरी निघते तसं रबराचं ओठ पत्र्याच्या कडेवरून आत पलटतं. हिसका देऊ नका. कोपऱ्यात अडलं तर थांबा, बाहेरच्याने नेमकं तिथेच दाबायचं, आणि मग परत. साबणाचं पाणी पूर्ण सुकलं की बाहेरून वर सांगितलं तसं सीलंट.

एक दिवस जाऊ दे, मग बाटली घेऊन परत तीच परीक्षा, यावेळी टेपशिवाय. कार्पेट मात्र लगेच टाकू नका. त्याच्याखालचं नमद्यासारखं फेल्ट स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं, ते बाहेर काढून गच्चीवर दोन उन्हं दाखवा, तोपर्यंत फ्लोअरचा पत्रा बघून गंजावर रेड ऑक्साइड मारून घ्या. उघड्या फ्लोअरवर वर्तमानपत्राची पानं पसरून ठेवा आणि गाडी तशीच पहिल्या दोनतीन पावसात उभी राहू दे. रोज सकाळी पानं उचलून बघायची, डाग कुठे आहे त्यावरून कळतं काही राहिलंय का, आणि तीनही दिवस पानं कोरडी कुरकुरीत निघाली की मग कार्पेट टाका.